नऊ मुलं म्हणजे एक गट नव्हे

तुला अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चौथीत सव्वीस मुलं, त्यातल्या नऊ जणांना धड वाचता येत नाही, म्हणून तू त्यांना रोज शाळा सुटल्यावर 'अ'पासून मुळाक्षरं गिरवायला लावतेस, असं लिहिलंयस. तुझी तळमळ कळते. पण हे गिरवणं आधी थांबव. ती नऊ मुलं नऊ ठिकाणी अडलेली आहेत.

माझ्या पहिल्या शाळेत एक मुलगा धडा घडाघडा वाचायचा, पानही बरोबर जागी उलटायचा. मी वर्षभर त्याला शाबासकी देत राहिले. एकदा सहज शेजारी बसले, तर त्याचं बोट दुसऱ्या ओळीवर आणि तोंड चौथ्या ओळीवर! मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, तर त्याला तो ओळखता येईना. आख्खा धडा त्याने ऐकून पाठ केला होता. वर्षभर मी त्याच्या समोर उभी होते, शेजारी कधी बसलेच नव्हते. ती चूक माझी, आणि तिची हळहळ अजून आहे.

म्हणून एकेकाला बाजूला घे, सगळ्यांदेखत नको. त्याने कधी न पाहिलेला मजकूर पुढे ठेव. 'प्रथम' ही शिक्षणातली संस्था 2005 पासून 'असर' या मुलांचं वाचन तपासणाऱ्या पाहणीत वापरते तशी साधी पट्टी पुरे: अक्षरं, सोपे शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. मूल जिथे थांबतं तिथून त्याचं शिकणं सुरू, मग इयत्ता कुठलीही असो. आणि कुठल्या शब्दाला काय वाचलं, ते जसंच्या तसं वहीत लिही. चुका हाच तुझा नकाशा.

बहुतेक जण अक्षर ओळखतील, पण जोडता येणार नाही. 'क', 'म', 'ळ' असं सुटं म्हणतील आणि बावरून तुझ्या तोंडाकडे बघतील. त्यांचा दोष नाही गं. आपण 'कमळ' बोलतो तेव्हा शेवटच्या 'ळ'मधला 'अ' गिळतो. सुटं सुटं म्हटलं की ओळखीचा शब्दही परका वाटतो. तेव्हा शब्द आधी कानावर घाल, टाळी देत तोडा, पुन्हा जोडा, मग फळ्यावर दाखव. सगळी मुळाक्षरं संपायची वाट बघू नकोस. क, म, ल आणि एक काना एवढ्यावर 'काका, मला मका' हे आख्खं वाक्य होतं. स्वतः वाक्य वाचल्यावर पोराचा चेहरा बघ.

काही जण सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत फसतील. 'घर'चं 'धर', 'भात'चं 'मात'. दहादा लिहायला लावून हे सुटत नाही. 'घ'ची शिरोरेषा सलग आहे, 'ध'ची तुटलेली. ती जागा त्याच्याच बोटाने दाखवून घे.

पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी येते आणि उच्चारात नंतर. डावीकडून नेमाने वाचणारं मूल तिथे अडखळणारच. रफाराचं उलटं: 'सूर्य'मध्ये तो 'य'च्या डोक्यावर बसतो, पण म्हणायचा 'य'च्या आधी. 'चक्र'मध्ये तोच 'र' पायाशी, 'ट्रक'मध्ये आणखी वेगळा. 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी लिहून दे, एक समुद्राचं चित्र, एक डोंगराचं. मुलांना अशी कोडी फार आवडतात. हे सगळं एका दिवशी नको. एका आठवड्याला एकच रूप.

एखादी मुलगी मात्र सुरेख वाचेल आणि काय वाचलं विचारलं तर गप्प. तिला अक्षरं नकोत, गप्पा हव्यात. तू गोष्ट वाच, मध्येच थांब, 'आता काय होईल?' विचार.

तुझ्या गावात घरोघर अहिराणी बोलतात. मुलाला त्याच्या बोलीत काहीतरी सांगू दे, मुलग्याला 'आंडोर' म्हणाला तर 'आंडोर'च लिही, आणि तेच पान त्याला वाचायला दे. स्वतःचंच बोलणं कागदावर आलेलं ते ओळखतं. प्रमाण मराठी हळूहळू शेजारी ठेवता येते.

शाळा सुटल्यावरची वेळही बदल. पोरं दमलेली, भुकेली असतात, आणि मागे थांबणं त्यांना शिक्षा वाटते. परिपाठानंतरची रोजची तीस-चाळीस मिनिटं मुख्याध्यापकांकडून मागून घे. निपुण भारत या सरकारी अभियानाचं उद्दिष्ट तिसरीअखेर समजून वाचता यावं असं आहे, तेव्हा नाही म्हणणं त्यांनाही जड जाईल. आणि 'ढ' हा शब्द वर्गात कोणाच्याही तोंडून निघू देऊ नकोस, मस्करीतही.

दोन आठवड्यांनी त्या वहीच्या पानांचा फोटो पाठव. तू लिहिलेला तो खिडकीशी बसणारा, वाचायची पाळी आली की पाणी प्यायला जाणारा, त्याचं पान आधी पाठव.

तुझ्या बाई