निवटी परक्या भाषेत नेताना

वाचकांचे प्रश्न : लिहिण्याविषयी

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहते. वय ५४. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन तीन वर्षं झाली. दिवाळी अंकांतून आजवर नऊ कथा छापून आल्या. यंदा धीर करून इटलीतल्या एका आठ दिवसांच्या लेखन शिबिराला अर्ज केला आणि निवड झाल्याचं पत्र आलं. शिबिर ऑक्टोबरात आहे. राहणं-जेवण धरून १,४५० युरो, तिकीट वेगळं. सध्या मी दिवा कोळीवाड्यातल्या एका म्हातारीची कथा लिहिते आहे. ती खाडीत निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, धरायची; तिचं खाजण, भरतीचं पाणी येतं ती खाडीकाठची जमीन, बुजत गेलं. तीच कथा घेऊन जावं असं मनात आहे. पण तिथे सगळं इंग्रजीत चालणार, आणि माझं इंग्रजी बँकेच्या पत्रव्यवहारापुरतं. यजमान म्हणतात, तेवढ्या पैशात तुझं पुस्तक निघेल. मुलगा म्हणतो, जाच. खरं सांगू, घरात सलग दोन तास मिळत नाहीत म्हणून मला जायचं आहे. जावं का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमच्या पत्रातलं दोन तासांचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाकीचे प्रश्न त्याच्यानंतर येतात. लिहायला वेळ मिळावा म्हणून जाणार असाल, तर जाऊ नका. शिबिरात वेळ मिळत नाही. सकाळी बैठक, दुपारी दुसऱ्या दिवशी चर्चेला असलेलं दुसऱ्यांचं लेखन वाचायचं, संध्याकाळी कुणाचं तरी वाचन, रात्री जेवणाच्या टेबलावर गप्पा. अशाच एका शिबिरात मी आठ दिवसांत चार पानं लिहिली, तीही पहाटे उठून. वेळच हवा असेल तर ऐरोलीहून ट्रान्स हार्बरची गाडी धरा आणि ठाण्याला या. आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालापासून इथे आहे. माझ्या दुसऱ्या संग्रहातल्या तीन कथा मी तिथे बसून लिहिल्या, घरी दळण आणि डॉक्टर अशी कारणं सांगून. आता कारणं सांगत नाही. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते एक, मी घरात नसते, हे सगळ्यांना पाठ झालंय. तुम्हीही आधी तेवढं करा. इटलीला गेलात तरी आणि नाही गेलात तरी ते लागणारच आहे.

पण आपल्याला ओळखत नाहीत, आपल्याला बरं वाटावं अशी ज्यांना गरज नाही, अशा माणसांनी आपली कथा ओळ न् ओळ वाचावी, यासाठी जाणार असाल तर जरूर जा. ते आपल्याकडे फार क्वचित मिळतं. कथावाचन झालं की टाळ्या होतात, अध्यक्ष दोन चांगले शब्द बोलतात, चहा येतो. माया असते त्यात, मी ती कमी लेखत नाही. पण कथा होती तिथेच राहते.

मी २०१७ च्या ऑक्टोबरात गेले होते, तीन वर्षांचं आवर्ती ठेवीचं खातं मोडून. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून स्पोलेतोला दीडेक तासात गाडी जाते. तिथून पुढे एका टेकडीवरचं शेतघर. बाहेर ऑलिव्हची तोडणी सुरू होती. झाडाखाली जाळी पसरायची आणि फांद्या विंचरल्यासारखं करून फळं पाडायची. आम्ही अकरा जण होतो. नियम एकच आणि कडक : ज्याच्या लेखनावर चर्चा, त्याने गप्प बसायचं. पाऊण तास. खुलासा नाही, ‘मला असं म्हणायचं होतं’ नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ साली सुरू झालेल्या लेखन कार्यशाळेमुळे ही रीत जगभर गेली.

माझी कथा नौपाड्यात खानावळ चालवणाऱ्या बाईची होती. भाषांतरात ‘तिने पदर खोचला’ हे वाक्य मी जसंच्या तसं नेलं होतं. पोलंडहून आलेल्या एक साठीच्या बाई होत्या, फार कमी बोलायच्या. त्यांनी माझी पानं पुढे ओढली, तीन ठिकाणी पेन्सिलीने गोल केले होते ते दाखवले आणि विचारलं, “ही बाई साडीचं टोक कमरेला खोचते. एकदा स्वयंपाकाला लागताना, एकदा भांडताना आणि एकदा नवऱ्याचं प्रेत घरात आणतात तेव्हा. तिन्ही वेळा तिच्या मनात एकच असतं का?”

मला उत्तर द्यायची मुभा नव्हती. बरं झालं नव्हती, नाहीतर मी त्यांना आपल्या संस्कृतीवर दहा मिनिटं ऐकवली असती. रात्री खोलीत मूळ मराठी काढून बसले. ‘पदर खोचला’ म्हटलं की आपल्या वाचकाला बाई उभी राहिलेली दिसते. त्यामुळे ती कशी उभी राहिली हे शोधायचं काम मी केलंच नव्हतं, शब्दावर सोपवून मोकळी झाले होते. एकवीस वर्षं लिहीत होते, इतक्या संपादकांच्या हाताखालून गेले होते, पण हे कुणाला खटकलं नव्हतं. खटकणार कसं? त्यांच्याही कानाला ते सवयीचं. मग मला माझी मावशी आठवली. काकांना आणलं तेव्हा ती हॉलमध्ये आली नाही, आधी आत जाऊन तिने दुधाखालचा गॅस बंद केला. तिसरा पदर मी काढला आणि तिथे तो गॅस आला. ती कथा आज ज्यांना आवडते, त्यांना त्या ओळीसाठी आवडते.

सगळंच ऐकायचं असं मात्र नाही. आमच्या दोन मार्गदर्शकांपैकी एकांनी ‘माहेर’ काढून ‘आईवडिलांचं घर’ करा असं सुचवलं. फिलिपिन्सचे एक गृहस्थ म्हणाले, गरज नाही, तो शब्द आला की ही बाई वेगळी बोलायला लागते, एवढं मला तिसऱ्या वेळेला कळलं. मी ‘माहेर’ ठेवलं. कुठला शब्द सोडायचा आणि कुठला धरायचा हे शेवटी तुम्हीच ठरवायचं.

आता तुमची निवटी. इंग्रजीत तिला मडस्किपर म्हणतात. तो शब्द घातलात की भाषांतर बरोबर होईल आणि वाचकाला काहीच दिसणार नाही. इटलीतल्या टेबलाभोवती बसलेल्यांनी ओहोटीची खाडी पाहिलेली नसेल. म्हणून आधी म्हातारीचा हात चिखलात कोपरापर्यंत जाऊ द्या. डोक्यावर उभे असल्यासारखे ते डोळे, पुढच्या पंखांवर सरपटत जाणं, चाहूल लागली की बिळात गडप होणं, हे आधी येऊ द्या. मग म्हातारीच्या तोंडून नाव येऊ द्या, निवटी, मराठीच. तळटीप नको. आणि हाच बदल मराठी खर्ड्यातही करून बघा. ऐरोलीच्या विसाव्या मजल्यावरून खाडी बघणाऱ्या तुमच्या शेजाऱ्यांपैकी किती जणांनी निवटी हातात धरली असेल?

इंग्रजीची धास्ती सोडा. बोलायला तुमचं इंग्रजी पुरतं, तिथे निम्म्या लोकांचं तसंच असतं. काळजी घ्यायची ती भाषांतराची. पहिला खर्डा स्वतः करा, कितीही ओबडधोबड झाला तरी. मग इंग्रजी कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवून एकेक वाक्य मोठ्याने वाचा. तुमची म्हातारी इंग्रजीत एकदम शिकल्यासवरल्यासारखी बोलायला लागेल, तिथे थांबा. बारा-पंधरा पानांना दोन महिने धरा. मूळ मराठी कथाही सोबत न्या. शेवटच्या संध्याकाळी सगळे वाचतात, तेव्हा पहिला परिच्छेद मराठीतून वाचा. मी वाचला तेव्हा जेवणघरातल्या स्वयंपाकीण बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

पैसे भरण्याआधी आयोजकांना ईमेल करा. तुमचं लेखन ते कधी मागवतात, किती पानं, ते सगळ्यांकडे आधी पोचतं का, तुमच्या वाट्याला किती मिनिटं, एकूण किती माणसं आणि व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत किती. हे मी अनुभवाने सांगते. आमच्या दुसऱ्या मार्गदर्शकांनी माझी पानं वाचलीच नव्हती. चर्चेच्या दिवशी सकाळी नाश्त्याला ते पहिलं पान उलटताना मला दिसले. तीन वर्षांची बचत डोळ्यांसमोर आली. पोलंडच्या त्या बाई नसत्या तर मी रिकाम्या हाताने परतले असते. आणि ‘निवड झाली’ या शब्दांवर फार विसंबू नका. पैसे भरून जायच्या शिबिरांपैकी अनेक ठिकाणी जागा असेपर्यंत निवड होत राहते. म्हणून तुमची कथा लहान होत नाही. पण शिबिराचा दर्जा त्या पत्रावरून ठरवू नका, वरच्या प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरवा. उत्तरं गुळमुळीत आली तर हे शिबिर सोडा, दुसरं शोधा.

यजमानांचं म्हणणं उडवून लावू नका, त्यांनी पुस्तकाचा विचार केला ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना एवढंच सांगा, की पदरचे पैसे घालून काढलेलं पुस्तक पुढच्या वर्षीही निघतं, पण एकदा छापलेली कथा सहसा पुन्हा लिहिली जात नाही. नऊ कथांवरून आधी परका हात फिरू द्या.

व्हिसाचं काम जुलैतच उरका. शेंगेनचा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंतच घेतात. शुल्क ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने चालू असला पाहिजे. आयोजकांकडून राहण्याच्या पत्त्यासह निमंत्रणपत्र आणि पैसे भरल्याची पावती घ्या, आणि खात्याचा उतारा तुमच्या स्वतःच्या नावाचा जोडा. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. दिवाळी अंकांच्या कथाही जुलै-ऑगस्टातच द्यायच्या असतात, तेव्हा यंदा एखाद्या संपादकांना नाही म्हणावं लागेल. म्हणा.

प्रश्न : मी २६ वर्षांचा, घणसोलीला राहतो, कविता लिहितो. परदेशात लेखकांना फुकट राहायला देतात असं ऐकलं. आयोवाला कसं जायचं?

उत्तर : शिबिर आणि निवासवृत्ती यांत फरक आहे. निवासवृत्तीत कुणी शिकवत नाही. खोली, जेवण आणि शांतता देतात, आणि तिथे निवड खरोखरच अटीतटीची असते. आयोवाचा इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राम १९६७ साली पॉल एंगल आणि हुआलिंग न्ये यांनी सुरू केला. आपले दिलीप चित्रे १९७० च्या दशकात तिथे होते. छापून आलेलं लेखन, त्यातला काही भाग इंग्रजी भाषांतरात आणि चर्चेपुरतं इंग्रजी एवढं लागतं. २०२५ पर्यंत अनेक देशांतले लेखक अमेरिकी वकिलातीच्या शिफारशीने जात. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ हॉथॉर्नडेन कॅसल आहे. तिथे दिवसभर बोलायचं नाही, दुपारचं जेवण दाराशी आणून ठेवतात, असा जुना रिवाज. जवळचं पाहायचं तर २००८ साली सुरू झालेलं आणि पुढे बंगळुरूच्या परिसरात चाललेलं संगम हाउस. त्यांनी भारतीय भाषांतल्या लेखकांना आपलं मानलं.

तुम्ही पाठवलेल्या तीन कवितांपैकी रबाळे स्टेशनची कविता चांगली आहे, शेवटच्या चार ओळी सोडून. त्या चार ओळींत तुम्ही आधीचंच समजावून सांगता. आधी वीसेक कविता नियतकालिकांतून येऊ द्या, आणि भाषांतर करणारा एक मित्र आत्ताच जोडा. निवासवृत्तीच्या अर्जासाठी तो पुढे शोधायला गेलात तर घाईत मिळत नाही.

प्रश्न : आम्ही कळव्यातले सहा निवृत्त लोक. परदेश जमणार नाही. असं काही इथेच करता येईल का?

उत्तर : येईल. नौपाड्यात आमचं चार वर्षं चालू आहे, महिन्यातून एकदा, कुणाच्या तरी घरी. लेखन आठ दिवस आधी पोचवायचं, न वाचता आलेल्याने त्या दिवशी बोलायचं नाही, आणि लेखकाने पाऊण तास तोंड उघडायचं नाही. वाचनात कुठे थांबलो, कुठे भरकटलो एवढंच सांगायचं, सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. चहा चर्चेनंतर, मध्ये नाही. मध्ये आला की यजमान उठतात आणि धागा तुटतो. लेखकाला गप्प बसणं पहिले दोन-तीन महिने फार जड जाईल, कुणीतरी रागावून येणं बंद करेल, त्यांना फोन करून परत बोलवा. पहिल्या बैठकीला कुणाचं लेखन घ्यायचं यासाठी चिठ्ठ्या टाका, आणि तुमची निघाली तर तुम्हीच सुरुवात करा.