पिचकारी, पायपंप की बॅटरी?

प्रश्न : काका, मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी गेल्या वर्षी एकेक सोळा फुटी सी कयाक, म्हणजे समुद्रात वल्हवायची अरुंद होडी, घेतली. पुढे-मागे बंद कप्पे आणि मध्ये कॉकपिट, म्हणजे बसायचा खळगा. परवानगी काढून गंगापूर धरणावर बऱ्यापैकी सराव केला. आता थंडीत हर्णैला, समुद्रात उतरायचा बेत आहे. बोट उलटून आत पाणी भरलं तर उपसायला पंप हवा, एवढं कळलंय. हातपंप, पायाने चालणारा आणि बॅटरीवरचा असे तीन प्रकार दिसतात. बॅटरीवाल्याच्या खोक्यावर ‘ताशी ५०० गॅलन’ लिहिलंय. मग तोच घ्यावा ना?
— एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : ताई, त्या खोक्यावरच्या आकड्याशी माझं जुनं भांडण आहे. तीस वर्षं मी पिंपळगाव बसवंतला मोटरपंप दुरुस्त केले. द्राक्षवाला शेतकरी दुकानात आला की हॉर्सपॉवरच्या आधी हेडचं बोलतो. पाणी किती फूट चढवायचंय आणि पाइप किती इंची, यावर डिस्चार्ज ठरतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. कयाकच्या पंपालाही तोच हिशेब लागू. ताशी ५०० अमेरिकी गॅलन म्हणजे मिनिटाला साधारण साडेएकतीस लिटर. पण हा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसताना मोजलेला. तुम्हाला ते बुडापासून डेकपर्यंत, म्हणजे बोटीच्या वरच्या पाठीपर्यंत, फूटभर तरी चढवायचंय, तेही बारीक नळीतून आणि वळणं घेत. त्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, टाकला की आणखी घट. मिनिटाला वीस लिटर पडले तर मी खूश असतो.

आता हातपंप. ही म्हणजे उलट्या कामाची मोठी पिचकारी, हात-दीड हात लांब. दांडा वर ओढला की पाणी आत येतं आणि वरच्या तोंडातून बाहेर पडतं. माझा पंप एका झटक्याला साधारण एक तांब्या पाणी काढतो. मी अंगणात कयाक दोन विटांच्या ओट्यांवर ठेवली, रंगाच्या वीस लिटरच्या बादलीने चार बादल्या पाणी कॉकपिटात ओतलं आणि आत बसून उपसायला लागलो. घड्याळ बायकोच्या हातात. सव्वातीन मिनिटं लागली. तेच धरणात, बोट डुलत असताना, साडेपाच. शेवटचं दोन-तीन लिटर पाणी कुठलाच पंप धड ओढत नाही, तिथे स्पंजच लागतो. कार धुवायचा जाडा स्पंज चालतो.

म्हणजे बॅटरीचा आणि हाताचा पंप वेगाला फार दूर नाहीत. खरा फरक आहे तो पंप चालू असताना तुमचे हात कुठे असतात याचा. हातपंपाला दोन्ही हात लागतात आणि वल्हं मांडीवर पडतं. त्यात कॉकपिटमधलं पाणी स्वस्थ बसत नाही. अर्धा भरलेला टँकर कसारा घाटात वळणावर कसा अंग टाकतो, तसं ते बोट जिकडे कलेल तिकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. ८० लिटर म्हणजे ८० किलोंचा एक माणूस तुमच्या पायाशी लोळतोय असं समजा. अशा वेळी ज्याचे हात वल्ह्यावर आहेत तो सावरतो.

पायपंपाची कल्पना म्हणून मला आवडते. पायापुढच्या आडव्या भिंतीवर तो बसवतात, स्प्रे स्कर्ट (कमरेभोवती घालून कॉकपिटच्या काठावर ताणून बसवायचं पाणी अडवणारं आवरण) बंद ठेवून, वल्हं हातात धरून पायाने दाबत राहायचं. पण तो हळू चालतो, बसवायला डेकला भोक पाडावं लागतं, आणि दाबताना पायाची पकड सुटते. नव्या बोटीला भोक पाडायला माझं मन घेत नाही. तुमचं घेत असेल तर घ्या.

बॅटरीवाल्याचं दुखणं खारं पाणी. पंप शक्यतो मरत नाही, जोड मरतो. दुरुस्तीला आलेल्या अशा पंपात दहातले आठ वेळा वायर हिरवी पडून तुटलेली सापडली. कलई केलेली तांब्याची वायर, जोडावर आतून गोंद असलेली, तापवली की आवळून बसणारी श्रिंक ट्यूब, बॅटरीला चिकटून फ्यूज, आणि ओल्या हाताने चाचपून लागेल असं रबरी टोपीचं स्विच, एवढं असेल तरच तो घ्या. बॅटरी मात्र अवजड नको. असला पंप साधारण दोन अँपिअर ओढतो, म्हणजे चार-पाच मिनिटांच्या उपशाला एक अँपिअर-अवरचा पाचवा भागही लागत नाही. तरी लोक सात अँपिअर-अवरची दोन-सव्वादोन किलोंची शिशाची बॅटरी कोंबतात. छोटी लिथियम बॅटरी भरपूर झाली.

तुम्ही दोघी, दोन बोटी, म्हणून माझं मत सरळ आहे : प्रत्येकीकडे हातपंप आणि स्पंज. कारण उलटल्यावर पहिलं काम पंपाचं नाहीच. मैत्रिणीने तुमच्या उलट्या बोटीचं नाक आपल्या डेकवर ओढून घ्यायचं की बहुतेक पाणी तिथेच ओघळून जातं. मग बोट सुलटी करून ती धरून ठेवते, तुम्ही आत शिरता आणि उरलेलं उपसता. ती धरून आहे तोवर तुमचे दोन्ही हात मोकळे. बॅटरीचा पंप एकट्याने जाणाऱ्याला हवा, आणि एकटीने जा असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पंपाला फोमचं वेष्टण आहे ना ते बघा, आणि घरी बादलीत टाकून तरंगतो का तेही. ठेवायचा डेकवर, बसल्या जागी हात पोचेल असा, इलास्टिक दोरीखाली. माझ्या पहिल्या समुद्रफेरीत मी तो नीट पुसून, पिशवीत घालून, मागच्या हॅचमध्ये, म्हणजे झाकणाच्या बंद कप्प्यात, ठेवला होता. पाण्यात पडल्यावर हॅच उघडायचा म्हणजे कोरड्या कप्प्यातही पाणी भरायचं! एका कोळ्याच्या होडीने मला ओढत किनाऱ्याला आणलं, आणि त्या दादांनी हसू दाबायचा जरासुद्धा प्रयत्न केला नाही.

एक युक्ती : स्प्रे स्कर्ट उघडायचा नसेल तर पंप छातीपाशी, स्कर्टच्या कमरेच्या नळीतूनच आत सरकवा. सैल नळी असेल तर जमतं. आणि पायाच्या पुढे रिकामी जागा असेल तिथे फोमचा ठोकळा घट्ट बसवा. तेवढं पाणी आत येणारच नाही.

प्रश्न : माझी कयाक वर बसायची आहे, बुडाला आरपार भोकं असलेली. मला पंप लागेल का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : बसायच्या जागेसाठी नाही. तिथलं पाणी भोकांतून आपोआप जातं. पण चालवताना पोटातून डुबुक-डुबुक आवाज आला तर पाणी पोकळ बुडात शिरलंय. किनारा गाठा, मागचं बूच काढा, बोट उभी करा. बुचाचा रबरी वायसर फाटलेला असतो बहुतेक वेळा. तो बदला, मग पंपाचे पैसे वाचतील.