छातीवरचा जुना डाग आणि व्हिसाचं मेडिकल

वाचकांचे प्रश्न, छातीविकार तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, माझ्या मुलीला बारावीत असताना टीबी झाला होता. सहा महिन्यांचा कोर्स तिने एकही गोळी न चुकवता पुरा केला. आता ती तेवीस वर्षांची आहे, तब्येत ठणठणीत आहे. सप्टेंबरमध्ये एमएस्सीसाठी इंग्लंडला जायचंय. व्हिसासाठी मुंबईत एक्स-रे काढला, तर उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग आहे म्हणाले. आता तीन दिवस थुंकी द्यायची आणि रिपोर्टसाठी आठ आठवडे थांबायचं. इथला एजंट म्हणतो, “जुना टीबी सांगितलात म्हणून अडकलात. आता एखाद्या डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आणा.” फॅमिली डॉक्टर म्हणतात, खबरदारी म्हणून पुन्हा कोर्स सुरू करू. घरात कुणाला झोप नाही. व्हिसा नाकारतील का?
— एक आई, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, पहिलं सांगायचं ते हे की, गोळ्या सुरू करू नका. निदान थुंकीचे तिन्ही नमुने देऊन होईपर्यंत तरी नाहीच नाही.

कारण असं. टीबीच्या औषधाचे चार-दोन डोस जरी पोटात गेले तरी थुंकीतले जंतू मार खातात आणि कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, उगवेनासे होऊ शकतात. म्हणजे आजार असला तरी रिपोर्ट कोरा येऊ शकतो, आणि नसला तर बिनकामाच्या गोळ्यांनी लिव्हरला त्रास. शिवाय मेडिकलच्या फॉर्ममध्ये ‘सध्या टीबीचे उपचार सुरू’ असं लिहावं लागलं, की मग कोर्स संपल्याशिवाय सर्टिफिकेट विसरा. जुना डाग हा मुळात आजार नाही, भरून आलेल्या जखमेचा तो व्रण आहे. व्रणाला औषध देत नाहीत. तुमच्या फॅमिली डॉक्टरांचा हेतू चांगला आहे, पण खबरदारी म्हणून टीबीचा कोर्स द्यायची आपल्याकडची ही सवय मला कधीच पटलेली नाही. आणखी एक. या काळात मुलीला साधा खोकला झाला आणि कुणी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, तर घेण्याआधी विचारा. तेही टीबीच्या जंतूंवर चालतं आणि कल्चर बिघडवतं.

आता व्हिसाचं. इंग्लंडला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांना टीबी नसल्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते त्यांच्या यादीतल्या केंद्राचंच चालतं. पूर्वी हीथ्रोला उतरल्यावर विमानतळावर एक्स-रे काढायचे. २०१२ पासून ते काम टप्प्याटप्प्याने निघण्याआधीच, आपापल्या देशात करायचं ठरलं. म्हणून कॉलेज रोडवरच्या कितीही मोठ्या डॉक्टरचं, अगदी माझंही, फिटनेस सर्टिफिकेट तिथे रद्दीच्या भावाचं. एजंटने त्यासाठी पैसे मागितले असतील तर देऊ नका.

आणि जुना टीबी सांगितला म्हणून अडकलं, हे तर साफ चूक. फिल्म वाचणाऱ्याला डाग दिसणारच होता. न सांगता दिसला असता तर संशय दुप्पट झाला असता. इंग्लंडच्या नियमांत खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर दहा वर्षं अर्ज नाकारला जाऊ शकतो. मुलीने खरं लिहिलं, तिचं कौतुकच करा.

आठ आठवडे का, हेही ऐका. टीबीचा जंतू भयंकर आळशी. साधे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. म्हणून डोळ्याला दिसेल एवढी वाढ व्हायला आठवडे जातात. ‘काही नाही’ असं म्हणायलाही तेवढंच थांबावं लागतं. वरच्या ओळखीने हा रिपोर्ट लवकर येत नाही, जंतूकडे वशिला चालत नाही.

थुंकी देणं हेही एक काम असतं आणि ते बहुतेक जण बिघडवतात. डबीत लाळ नको, छातीतून वर आलेला बेडका हवा. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन रोखायचा आणि मग पोटापासून खोकायचं. तुमच्या मुलीसारख्या ठणठणीत माणसाला बेडका येतच नाही, तेव्हा केंद्रात मिठाच्या पाण्याची वाफ देतात. तिने घाबरू नये. हे सगळं सकाळी लवकर, तिथल्या माणसाच्या डोळ्यांदेखत आणि लागोपाठ तीन दिवस होतं. त्यामुळे पंचवटी एक्स्प्रेसने रोज ये-जा करू असा बेत असेल तर तो सोडा. ती गाडी मुंबईला पोचेपर्यंत दहा वाजून जातात. नातेवाइकांकडे मुक्कामच ठोका.

तोवर इकडे कागद गोळा करा. जुन्या फिल्म पलंगाखालच्या पेटीत असतील तर आजच काढा, पावसाळ्यात त्या एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना वरचा थर निघून येतो. फिल्म दाखवल्याने थुंकी टळेलच असं नाही, पण डाग इतकी वर्षं तसाच आहे, वाढला नाही, हे त्याच सांगू शकतात. कोर्स खासगीत झाला असला तरी २०१२ पासून प्रत्येक डॉक्टरला टीबीच्या रुग्णाची नोंद सरकारला कळवावी लागते. त्यामुळे मुलीचा निक्षय आयडी, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीचा नंबर, असण्याची दाट शक्यता आहे. महापालिकेच्या क्षयरोग केंद्रात नाव, वर्ष आणि तेव्हाचा मोबाइल नंबर सांगा. कोर्स पूर्ण केल्याची नोंद तिथून लेखी मिळवा.

रिपोर्ट कोरा आला तर सर्टिफिकेट मिळेल. ते सहा महिने चालतं, म्हणजे सप्टेंबर गाठायला हरकत नाही. तरीही विद्यापीठाला आजच मेल टाका की वैद्यकीय तपासणीमुळे उशीर होऊ शकतो. उशिरा रुजू होण्याची किंवा प्रवेश पुढे ढकलण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते, पण आधी कळवणाऱ्याला. कल्चरमध्ये जंतू निघालेच, तर कोणती औषधं लागू पडतात ते तपासून पूर्ण कोर्स करायचा आणि मग पुन्हा तपासणी. वर्ष जाईल, व्हिसाचा दरवाजा बंद होणार नाही.

प्रश्न : मी वेल्डर आहे, सातपूरला कंपनीत. कतारला नोकरी लागली. मेडिकलला छातीत जुना डाग म्हणून ‘अनफिट’ आलं. मला तर कधी टीबी झाल्याचं आठवतही नाही. एजंट म्हणतो, वीस हजारांत दुसऱ्याचा एक्स-रे लावून पास करून देतो. करू का?
— वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नको दादा. वरच्या ताईंना दिलेलं उत्तर तुम्हाला लागू नाही, हे सांगताना मलाही बरं वाटत नाही. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे देश टीबीच्या बाबतीत मुख्यतः आज आजार आहे का ते बघतात. आखाती देशांच्या मेडिकलमध्ये, ज्याला आपल्याकडे अजून ‘गामका’ म्हणतात आणि ज्याची नोंदणी आता बहुतेक देशांसाठी ‘वाफिद’ या संकेतस्थळावर होते, बऱ्या झालेल्या टीबीचा व्रणसुद्धा अनफिट धरतात. शास्त्राच्या दृष्टीने मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण नियम त्यांचा आहे.

आठवत नाही म्हणता तेही खरंच असेल. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आपल्या देशात पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात टीबीचा संसर्ग आढळला. यातल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही, काहींच्या छातीत मात्र खूण राहते.

दुसऱ्याच्या एक्स-रेवर गेलात तरी तिथे पुन्हा छातीची फिल्म काढली जाऊ शकते. डाग तोच, छाती तीच. मग परत पाठवणी, वीस हजार बुडाले आणि तिकडे जाण्यासाठी काढलेलं कर्ज डोक्यावर. त्यापेक्षा सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, तपासणी मोफत आहे. आजार नाही हे एकदा नक्की झालं, की इथल्या नोकरीला त्या डागाची काही अडचण नाही.

प्रश्न : नवऱ्याला कॅनडात नोकरी मिळाली. मी चार महिन्यांची गरोदर आहे, मेडिकलमध्ये एक्स-रे काढावा का?
— वाचक, नाशिकरोड

उत्तर : केंद्रात गेल्या गेल्या गरोदर असल्याचं सांगा, फिल्म काढून झाल्यावर नव्हे. बाळंतपणानंतर काढू असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे, मात्र तोवर तुमची फाइल थांबते. पोटावर शिशाचा पडदा घेऊन काढलेल्या छातीच्या एका एक्स-रेमधून बाळापर्यंत किरण जवळजवळ पोचत नाहीत, त्यामुळे बऱ्याच जणी काढून मोकळ्या होतात. पण तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ठरवू नका. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर व्हिसाची वाट न बघता आधी थुंकी तपासा.