सफरचंदाचं अत्तर आणि माझं खोबरेल

बहिणीनं अमेरिकेहून पाठवलेलं सफरचंद-दालचिनीचं परफ्यूम ऑइल आधी नेलपॉलिशसारखं, मग अर्धा तास छान आणि नंतर नुसत्या गरम मसाल्यासारखं वाटतं, मानेवर चुरचुरतंही, तर त्यात तेल घालून पातळ करू का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसले. थांबा. बाटलीत काहीही ओतू नका. मी ओतलंय.

आम्ही तीन वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये होतो. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात बागेत जाऊन आपल्या हातानं सफरचंदं तोडायची. एक 'पेक'ची पिशवी, म्हणजे साधारण साडेचार-पाच किलो, मॅकिंटॉश किंवा कॉर्टलंड जातीच्या सफरचंदांनी भरायची आणि निघताना गरमागरम सायडर डोनट खायचे. (तिथलं सायडर म्हणजे दारू नव्हे हो, न गाळलेला तपकिरी ताजा रस. सासूबाईंना हे पटवायला मला एक अख्खा ऑक्टोबर लागला.) पुण्याला परतल्यावर त्या वासाची इतकी आठवण यायला लागली की अशाच अत्तराची 5 मिलीची एक बाटली मागवली. किंमत सांगत नाही, नवरा हे वाचतो.

चार दिवस कानामागे आणि मानेला लावलं, पाचव्या दिवशी लाल चट्टा. विक्रेत्याला मेल केली, तर एका ओळीत उत्तर: कोकोनट ऑइलमध्ये पातळ करून वापरा. बस. त्यांना म्हणायचं होतं फ्रॅक्शनेटेड कोकोनट ऑइल, म्हणजे गोठणारा भाग काढून टाकलेलं खोबरेल. ते थंडीतही पातळच राहतं आणि त्याला वास जवळजवळ नसतो. आता आपल्या घरात कोकोनट ऑइल म्हणजे काय, ते मी सांगायला नको. मी घाण्यावरचं खोबरेल घेतलं. वाटीत दोन थेंब टाकून बघावं एवढीही अक्कल सुचली नाही, सरळ अर्ध्या बाटलीत ओतून ती गळ्यापर्यंत भरली.

वास कसा आला? ओल्या नारळाच्या वडीत कुणी चुकून सफरचंद किसून घातल्यासारखा. डिसेंबरात तर ते थिजलंच. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं हे लहानपणापासून आंघोळीच्या वेळी बघत आलेय, पण परफ्यूमच्या बाटलीत शिरल्यावर ते सभ्य होईल असं का वाटलं कोण जाणे. रोल-ऑनची गोळी अडकली, म्हणून रोज सकाळी बाटली गरम पाण्यात. आठवड्याभरात उरलंसुरलं सफरचंदही उडून गेलं. आणि एवढं करून चट्टा परत उठलाच! त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या की दालचिनीतल्या सिनॅमलची ॲलर्जी ओळखीची आहे, ती एकदा बसली की थोडंसंही पुरतं. मी डॉक्टर नाही, तुमचं कारण वेगळं असू शकेल. पण चुरचुरतंय तर मानेवर लावणं आजच बंद करा.

बाकी तुमच्या तक्रारींत मला बाटलीचा दोष दिसत नाही. सफरचंदाचं अत्तर गुलाबासारखं भपक्यातून (अत्तर गाळायच्या भांड्यातून) निघत नाही, तो वास एस्टर वगैरे रसायनं जुळवून उभा करतात. त्यातली ॲसिटेटं नेलपॉलिशच्याच कुळातली, म्हणून सुरुवातीचा तो भपकारा. ती हलकी असल्यानं आधी पळतात आणि मागे दालचिनी, लवंग, व्हॅनिला बसून राहतात. तेल तपकिरी होत गेलं तरी घाबरू नका, व्हॅनिलिन असलं की तसं होतं. अर्ध्या तासाचं सफरचंद हे अशा अत्तराचं नशीबच आहे. ज्यांना दिवसभर एकच वास हवा असतो त्यांनी फळांच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत. आणि हे मे महिन्यात लावायचं प्रकरण नाही. आपल्याकडे हीना थंडीत आणि खस उन्हाळ्यात लावायची रीत आहे, ती काही उगाच नाही.

मी आता काय करते? (हो, दुसरी बाटली मागवली. हसू नका.) जुन्या पद्धतीचा फाया: काडीवर कापूस, त्यावर एक थेंब. तो कानात न ठेवता पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते. कधी सुती ओढणीच्या टोकाला, जिथे कातडीला लागणार नाही तिथे, एक ठिपका. रेशमावर चुकूनही नको, डाग जात नाही, माझ्या एका साडीचा पदर साक्षीला आहे.

खरं सांगू का, बागेतला वास हवा असेल तर ऑक्टोबरात मार्केट यार्डातून काश्मिरी सफरचंदाची पेटी आणा आणि घरी उघडा. लाकूड, गवत आणि फळ यांचा मिळून जो वास येतो, तो मला अजून कुठल्याही बाटलीत सापडलेला नाही.

आणि बहिणीला निरोप द्या, पुढच्या खेपेला 'पम्पकिन स्पाइस' पाठवू नकोस म्हणावं. त्यात नाव भोपळ्याचं, पण मसाला तोच, दालचिनी-जायफळ-लवंगेचा.