सही डिसेंबरात, लग्न मेमध्ये: कॅनडाच्या फॉर्मवर कोणती तारीख?

प्रश्न: मी फोंडा तालुक्यातली, वय २८. होणारा नवरा टोरांटोला नोकरीला आहे. त्याने एक्स्प्रेस एंट्रीतून (कुशल नोकरदारांसाठीच्या योजनेतून) पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज केला तेव्हा आमचं फक्त ठरलं होतं. गेल्या डिसेंबरात तो सुट्टीवर आला, तेव्हा आमची रजिस्ट्रारकडे दुसरी सही झाली. फेब्रुवारीत त्याला पीआर मिळाला. देवळातलं लग्न मेमध्ये आहे म्हणून त्याने फॉर्मवर ‘अविवाहित’ तसंच ठेवलं. आता एजंट म्हणतो, लग्नाची तारीख मेची घाला, नाहीतर टुरिस्ट व्हिसावर ‘सिंगल’ म्हणून जा, बाकीचं तिथे गेल्यावर बघू. आई म्हणते, लग्नच पुढे ढकलूया. मी काय करू? – स., फोंडा

उत्तर: तुम्ही ‘होणारा नवरा’ लिहिलंय. स.ताई, तो डिसेंबरातच तुमचा नवरा झाला.

गोव्यात आपण सगळे असंच बोलतो. ‘सही झाली, लग्न मेमध्ये.’ माझ्या स्वतःच्या सहीनंतर मांडव पडायला चार महिने गेले आणि त्या चार महिन्यांत मला कोणी सून म्हटलं नाही. पण आपल्याकडे लग्न हा नागरी करार आहे. १९१० च्या पोर्तुगीज विवाह कायद्यापासून ते तसंच चालत आलंय. पहिली सही म्हणजे लग्न करण्याचा इरादा. तेवढीच झाली असती तर ‘अविवाहित’ हे खरं ठरलं असतं आणि मी हे पत्र चार ओळींत संपवलं असतं. दुसरी सही मात्र खुद्द लग्न आहे. त्याआधी तुम्ही वेगळा करार केला नसेल, तर त्या दिवसापासून दोघांची मालमत्ता सामाईक झाली आहे. कायदा तुम्हाला इतकं पक्कं नवरा-बायको मानतो.

आता कॅनडाकडे वळू. तिथल्या इमिग्रेशन नियमावलीत ११७(९)(डी) नावाचं एक कलम आहे. पीआरचा अर्ज चालू असताना जो जोडीदार जाहीर केला नाही आणि म्हणून ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे कुटुंब म्हणून स्पॉन्सर करता येत नाही, म्हणजे आपल्या जोरावर तिथे कायमचं बोलावून घेता येत नाही. अर्जाच्या दिवशी तो अविवाहित होता, हे खरं. पण तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने २००६ मध्ये डे ला फुएन्ते प्रकरणात सांगितलंय की ‘अर्जाची वेळ’ म्हणजे अर्ज दिल्यापासून पीआर हातात पडेपर्यंतचा सगळा काळ. तुमची सही नेमकी त्या मधल्या काळातली. जानेवारीत त्याने लग्न झाल्याचं कळवलं असतं, तर तुमची वैद्यकीय तपासणी आणि पोलीस दाखला मागवून तुम्हाला त्याच फाईलीत घेतलं असतं. हे लिहिताना मलाच हळहळ वाटते, कारण तुमच्या दोघांच्या मनात लबाडी नव्हती. पण हे कलम मन बघत नाही. काडीमोड घेऊन पुन्हा लग्न केलं तरी ते सुटत नाही, कारण त्यात फक्त तेव्हाचं नातं मोजलं जातं.

एजंटने सुचवलेलं मात्र काहीच करू नका. मेची तारीख घातलीत तर पुढे केव्हाही फोंड्याच्या नोंदवहीतला डिसेंबरचा उतारा निघेल. टुरिस्ट व्हिसाच्या फॉर्मवरही वैवाहिक स्थिती विचारतात. तिथे ‘सिंगल’ लिहिलंत तर ते तुमचं स्वतःचं खोटं ठरेल, आणि तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली खोट्या माहितीला पाच वर्षांची बंदी आहे. आजच्या घडीला चूक त्याच्या फाईलीत आहे. तुमचं नाव कोरं आहे. या सगळ्या प्रकरणात तुमच्याजवळ सर्वांत मोलाचं तेच आहे, आणि एजंट नेमकं तेच खर्ची घालायला सांगतोय. पासपोर्ट त्याच्याकडे ठेवला असेल तर आधी परत आणा. कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन देण्याचा हक्क तिथल्या वकिलांना आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या परवानाधारकांना आहे. त्या परवानाधारकांची यादी इंटरनेटवर कोणालाही बघता येते. तुमच्या एजंटचं नाव त्यात शोधा.

मग वाट कुठे उरते? त्याच कायद्याच्या कलम २५ मध्ये. एरवी अपात्र असलेल्या माणसालाही मानवतेच्या आणि सहानुभूतीच्या कारणास्तव सूट देण्याचा अधिकार त्यात आहे. ही सूट आपोआप मिळत नाही, ती स्पॉन्सरशिपच्या अर्जातच स्पष्ट शब्दांत मागावी लागते. ‘आधी नकार येऊ दे, मग अपिलात सांगू’ असं म्हणून इथे चालणार नाही. तुम्ही कुटुंब वर्गातच, म्हणजे स्पॉन्सर करता येणाऱ्या नात्यांतच, बसत नाही असं ठरलं, की अपील विभागाला सहानुभूतीची कारणं ऐकण्याचा अधिकारच राहत नाही. मग उरतं ते फेडरल कोर्ट. तेही परवानगी मिळाली तरच, आणि परदेशातल्या अधिकाऱ्याचा निर्णय असेल तर कळल्यापासून ६० दिवसांत जावं लागतं. म्हणून पहिला अर्जच भरभक्कम हवा.

तो भरभक्कम करण्याचं अर्धं काम गोव्यात होईल. दुसऱ्या सहीच्या नोंदीचा प्रमाणित उतारा काढा. मेची लग्नपत्रिका, हॉलची पावती, भटजींशी झालेली बोलणी, सही ते लग्न या काळात तुम्ही माहेरीच राहिलात याबद्दल दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, हे सगळं गोळा करा. शिवाय गोव्यातल्या वकिलाचं एक पत्र घ्या, ज्यात सही आणि देवळातलं लग्न यांतला आपल्याकडचा फरक लिहिलेला असेल. कॅनडाच्या अधिकाऱ्याला तो ठाऊक असण्याचं कारण नाही. साखरपुड्यापासूनचे फोटो, फोनच्या नोंदी, त्याने पाठवलेले पैसे हेही जोडा. विरहाचा त्रास मोघम लिहू नका. आईचं आजारपण असेल, तुमची नोकरी अडली असेल, तर तसं कागदासकट मांडा.

पण अर्ज भरण्याआधी त्याने ओंटारियोतला (टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथला) इमिग्रेशनचा वकील गाठलाच पाहिजे, आणि तोही तुमच्या वकिलाहून वेगळा असला तर बरं. कारण या अर्जातून त्याचीच चूक उघडी पडणार आहे. खोट्या माहितीचं कलम त्याच्यावर लागलं तर पीआर जाऊ शकतो. खुलासा कधी आणि कोणत्या शब्दांत करायचा, हे तिथल्या वकिलाने ठरवायचं. नवरा घाबरून ‘राहू दे, नंतर बघू’ म्हणेल. त्याला समजून घ्या, पण ऐकू नका. तो नोकरी सोडून इथे येऊन बसला तरी उपयोग नाही, कारण पीआरधारकाला स्पॉन्सर करायचं तर कॅनडातच राहावं लागतं.

तुमच्या स्वतःच्या शिक्षणावर एक्स्प्रेस एंट्री किंवा स्टडी परमिटची वाट मोकळी आहे. ११७(९)(डी) तिथे आड येत नाही. मात्र त्याही फॉर्मवर ‘विवाहित’ लिहावं लागेल आणि त्याचं नाव घालावं लागेल, त्यामुळे तीही त्याच्या वकिलाशी बोलल्यावरच धरा. घरात कोणी, आजोबा पोर्तुगीज राजवटीत जन्मले या जोरावर, पोर्तुगीज पासपोर्टचं सुचवत असेल, तर त्याने कॅनडात फिरायला जाता येतं, राहता येत नाही. शिवाय भारतीय नागरिकत्व जातं.

आणि आईंना सांगा, मेचं लग्न ढकलू नका. देवळातच करा, चवथीला जमतात तेवढी माणसं जमवा. फक्त त्यानंतर कोणी म्हणालं म्हणून नव्या तारखेने पुन्हा नोंदणी करायला जाऊ नका. तुमची नोंद झालेली आहे, आणि तिच्यावर डिसेंबरची तारीख आहे.