सही मी केली, म्हणून बाबा गेले का?

ऑपरेशनच्या टेबलावर माणूस गेला की घरातल्या एकाच्या मनाला जास्तच टोचणी लागते. संमतीच्या फॉर्मवर ज्यानं सही केलेली असते, त्याच्या. हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो.

वेंगुर्ल्याकडचे एक आंबा बागायतदार (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वडील सत्तरीचे, मधुमेही. जठरातला अल्सर फुटला, पोटभर संसर्ग पसरला. मध्यरात्री ऑपरेशनला घेतलं आणि टेबलावरच हृदय थांबलं. थोरला भाऊ मुंबईहून पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. बाराव्यानंतर त्यानं विचारलं, "बांबोळीक कित्याक नाय नेलंस?" (बांबोळी म्हणजे गोव्यातलं मोठं सरकारी रुग्णालय.) तेव्हापासून धाकट्याची झोप उडाली. ऐन हंगामात कलमांकडे फिरकेना. "माझ्या सहीनंच बापूस गेलो," एवढंच बोलायचा.

अशा वेळी 'तुझी काही चूक नाही' म्हणून भागत नाही, हे माझं ठाम मत आहे. हे त्याला गावभर ऐकून झालेलं असतं. मी त्याला ती रात्र कागदावर लिहायला लावली. किती वाजता काय दिसत होतं, डॉक्टर काय म्हणाले, हातात कोणते मार्ग होते. अट एकच: पहाटे कळलेलं रात्रीच्या हिशोबात धरायचं नाही.

मग सर्जनना भेटायला सांगितलं, थोरल्याला सोबत घेऊन. भांडायला नव्हे, विचारायला. बरीच कुटुंबं ही भेट टाळतात आणि वर्षानुवर्षं तर्क करत राहतात. सर्जननी वेळ देऊन सांगितलं: जठर फुटल्यावर जंतुसंसर्ग रक्तात उतरतो, तासागणिक धोका वाढतो. ऑपरेशनशिवाय वाचण्याची आशाच नव्हती. रक्तदाब आधीच घसरलेला, गोव्यापर्यंतचा प्रवास झेपला नसता. भूल पूर्ण होती, वेदना कळल्या नाहीत. या शेवटच्या वाक्याला दोघेही भाऊ रडले. ती रात्र आपल्याही डोक्यातून जात नाही, असं सर्जन म्हणाले. धाकट्याला त्याचा फार आधार वाटला.

टोचणी एका भेटीत जात नाही. हळूहळू कमी होते. पण महिनोन् महिने झोप-जेवण लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटू लागलं तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.

वर्षश्राद्धाला घर भरेल, कोणी ना कोणी बांबोळीचं काढेल, याची धाकट्याला धास्ती होती. त्या दिवशी उत्तर थोरल्यानं द्यायचं, असं दोघांत ठरलं आहे.