वाचक विचारतात: दुकानाशी केलेल्या खोट्या चॅटला हसू का येत नाही?

प्रश्न: नमस्कार ताई, मला एका मोठ्या ऑनलाइन दुकानाशी झालेल्या मेसेजचं विडंबन लिहायचंय, म्हणजे गिऱ्हाईक पण मीच आणि दुकान पण मीच. पण कोणी हसतच नाही हो. एक नमुना देते. गिऱ्हाईक विचारतं, 'माझी ऑर्डर कुठाय?' आणि दुकान म्हणतं, 'तुझ्या नशिबात नाही, गप बस.' काय चुकतंय?

उत्तर: तुमचं दुकान चिडतंय, तिथेच सगळं बिघडतंय. एवढं मोठं दुकान कधीच कोणाला 'गप बस' म्हणत नाही, ते 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' म्हणतं आणि आपलं डोकं फिरतं ते त्यानेच. तुम्ही शिवी घातलीत की वाचणाऱ्याला दुकान ऐकूच येत नाही, तुमचा राग ऐकू येतो, आणि राग खरा असला तरी त्याला हसू कसं येणार.

आधी स्वतःच्या फोनमधले जुने डिलिव्हरीचे मेसेज काढून बसा आणि नीट वाचा. 'विलंब झाला आहे' असं असतं, विलंब कोणी केला ते कुठेच नसतं. आभार भलत्याच जागी मानलेले असतात. आणि शेवटी काहीही झालेलं असो, रेटिंग मागितलेलं असतंच. ही भाषा जशीच्या तशी ठेवायची, एक शब्दसुद्धा वाढवायचा नाही, आणि फक्त परिस्थिती एक पाऊल पुढे ढकलायची. हे बघा:

दुकान: तुमचं पार्सल पोचलं आहे!
गिऱ्हाईक: मी घरीच आहे, काही आलेलं नाही.
दुकान: पार्सल दारात ठेवलं आहे.
गिऱ्हाईक: दारात मी उभा आहे.
दुकान: धन्यवाद! तुमची पार्सल म्हणून नोंद झाली आहे. परत पाठवण्यासाठी १ दाबा.
गिऱ्हाईक: अहो मी माणूस आहे!
दुकान: 'माणूस' पाहणाऱ्यांनी 'मोठा खोका' देखील पाहिला.

यात दुकान एकदाही उद्धट झालेलं नाही बघा. त्याचा नियम एकच, दारात जे आहे ते पार्सल, आणि दुकान तो नियम शेवटपर्यंत सोडत नाही. शेवटची ओळ पण मी हवेतून आणलेली नाही, ऑनलाइन दुकानं 'हे पाहणाऱ्यांनी ते देखील पाहिलं' असं सुचवतात ना, त्यावरूनच ती आली. अ‍ॅमेझॉनच्या इंजिनिअर लोकांनी 2003 मध्ये त्यांच्या शिफारशींच्या पद्धतीवर एक लेख छापला होता, त्यातली मूळ कल्पना अशी की कुठल्या वस्तू एकत्र विकल्या जातात ते मोजायचं आणि त्यावरून पुढची वस्तू सुचवायची. लोकांनी त्या एकत्र का घेतल्या याच्याशी त्या मोजणीला काही देणंघेणं नाही. 'का' माहीत नसताना ठामपणे सुचवत राहायचं, यात विडंबनाला केवढी जागा आहे! अजून एक युक्ती सांगते, 1966 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या जोसेफ वाइझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम मांडला, तो समोरच्याच्या वाक्यातला शब्द उचलून त्याचाच प्रश्न करून परत द्यायचा. तुमच्या दुकानाला पण तेच करू दे, गिऱ्हाइकाचा एक शब्द पकडायचा, शक्यतो बिनमहत्त्वाचा, आणि त्यावरच अडून बसायचं.

आणि मेसेज आखूड ठेवा. साध्या एसएमएसमध्ये रोमन अक्षरं 160 मावतात पण देवनागरी आली की मर्यादा 70 वर येते आणि काना-मात्रा पण वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे जेमतेम दहा-बारा शब्द. तेवढ्यातच बसवायचं ठरवलंत तर फालतू शब्द आपोआप गळतील.

प्रश्न: मी आणि मित्र खऱ्या हेल्पलाइनवरच असले विचित्र मेसेज पाठवतो आणि जी उत्तरं येतात त्याचा स्क्रीनशॉट काढतो. लिहायची कटकट नाही. यात काही वाईट आहे का?

उत्तर: पलीकडे माणूस असेल तर आहे, आणि मला हे मनापासून वाटतं. तो किंवा ती बऱ्याचदा एकाच वेळी दोन-तीन चॅट सांभाळत असते, नम्र राहणं ही तिची नोकरी आहे, तुम्हाला उलट बोलायची तिला सोयच नाही आणि वर तुम्ही तिला रेटिंग देणार. दुकानाच्या मालकापर्यंत यातलं काहीसुद्धा पोचत नाही. बॉटची, म्हणजे आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रामची, गोष्ट वेगळी. जानेवारी 2024 मध्ये ब्रिटनमध्ये डीपीडी या कुरिअर कंपनीच्या बॉटकडून एका गिऱ्हाइकाने कंपनी किती निकामी आहे याच्यावर कविता लिहून घेतली आणि कंपनीला तो एआयचा भाग बंद करावा लागला. त्यात कोणा कर्मचाऱ्याचा वेळ गेला नाही की मन दुखावलं नाही. पण पलीकडे कोण आहे हे तुम्हाला दर वेळी कळेलच असं नाही, त्यामुळे दोन्ही बाजू आपण लिहिलेल्याच बऱ्या. तशा त्या जास्त चांगल्या पण होतात.

प्रश्न: चॅट खरी वाटावी म्हणून कंपनीचा लोगो आणि लिंक टाकली तर चालेल?

उत्तर: नको, अजिबात नको. 'तुमचं पार्सल अडकलं आहे, पत्ता अपडेट करा' असे मेसेज पाठवून लोकांचे पैसे पळवणारे अगदी हेच रूप घेतात. तुमचं चित्र चार ग्रुप फिरलं की वर लिहिलेलं 'गंमत आहे' गळून पडतं आणि कोणाची तरी आजी त्या लिंकवर बोट ठेवते. म्हणून 'हे विडंबन आहे' हे चित्राच्या आतच लिहा, लोगोऐवजी नुसतं 'दुकान' लिहा, आणि फोन नंबर, ओटीपी, रिफंडची रक्कम, चालेल अशी लिंक यातलं काहीच नको. कर्मचाऱ्याचं खरं नाव तर मुळीच नको. यातल्या एकाही गोष्टीने हसू वाढत नाही, वरचा पार्सलवाला नमुना परत वाचून बघा, त्यात लोगो कुठेय?